३४ मुलं, हजार-बाराशे रुपये आणि दिवाळीची सुट्टी: वर्गाला काय द्यावं?

प्रश्न असा आहे: "जिल्हा परिषद शाळेवर शिक्षण सेवक म्हणून पहिलंच वर्ष. तिसरी-चौथी एकत्र, पट ३४. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना माझ्याकडून काहीतरी द्यायचंय, हजार-बाराशेच्या पुढे जमणार नाही. नुसतं चॉकलेट नको वाटतं. काय देता येईल?"

मॅडम, आधी पैशाचं बोलून घेऊ कारण ते कुणी बोलत नाही. शिक्षण सेवकाला १६,००० मानधन, त्यात खोलीभाडं, गाडीचं पेट्रोल, घरी पाठवायचे, आणि वर दिवाळी. तेव्हा बाराशे ही वरची रेघ धरा, तिथपर्यंत पोचायलाच पाहिजे असं काही नाही. मी तर म्हणेन आठशे-साडेआठशेत बसवा, कारण एकदा दिलं की पुढच्या वर्षी पोरं ऑगस्टपासूनच विचारायला लागतात "बाई यंदा काय", आणि तेव्हा हात आखडता घेणं फार जड जातं. जे दरवर्षी जमेल तेच पहिल्या वर्षी द्या.

आता काय द्यायचं. इतकी वर्षं झेडपीत काढल्यावर माझी एकच कसोटी राहिलीय. पोरगं वस्तू घेऊन घरी गेलं की त्याच दिवशी, घरात जे आहे तेवढ्यावर, कुणापुढे हात न पसरता तिच्याशी काहीतरी करायला लागलं पाहिजे. बास. या कसोटीवर बाजारातल्या निम्म्या वस्तू गळतात बघा. वॉटर कलरची पेटी दिली, छान दिसते, पण ब्रश कुठाय आणि जाड कागद कुठाय, म्हणजे आईच्या मागे भुणभुण. स्केचपेन दिले आणि घरी कोरा कागद नाही, मग ते पाठ्यपुस्तकात रंगवणार नाहीतर भिंतीवर, आणि मार खाणार. चित्र रंगवायची वही दिली पण रंग नाहीत. सेलवरची गाडी दिली, सेल संपला की गाडी संपली. भेट देताना आपण अर्धी वस्तू देतो आणि उरलेला अर्धा खर्च नकळत पालकांच्या गळ्यात मारतो, हे दुकानात उभं असताना लक्षातच येत नाही. ऊसतोडीला नाहीतर मजुरीला जाणाऱ्या घरात तो वीस-तीस रुपयांचा अर्धा खर्चही ऐन दिवाळीत जड असतो.

म्हणून मी पुडी देते. एका पुडीत चार-पाच छोट्या गोष्टी, एकमेकीला पूरक. सगळ्यांची पुडी सारखी, आत फक्त चिठ्ठी वेगळी. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पुडीतली मुख्य गोष्ट हाताने शिवलेली कोरी वही. विकतची २०० पानी वही द्यायची नाही, ती बघितली की पोरांना अभ्यास दिसतो. छोटी, विनारेघी, खिशात नाही पण पिशवीत मावेल अशी. हिशोब सोपा आहे, ए-फोर कागदाचं एक रिम म्हणजे ५०० कागद, साधारण अडीचशे रुपयांना मिळतं. आठ कागद मधोमध दुमडले की पाठपोट धरून ३२ पानांची वही होते. ३४ मुलांना २७२ कागद लागतात, म्हणजे रिममधले जवळजवळ निम्मे उरतात आणि ते वर्षभर वर्गात कामाला येतात. कव्हरला लग्नपत्रिका वापरा. खरंच सांगते, गावात प्रत्येक घरात फळीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो, टाकवत पण नाही आणि ठेवून उपयोग पण नाही. मोठ्या आकाराची जाड पत्रिका उलटी करून घ्यायची, छापील बाजू आत. देवाचं चित्र असेल तेवढं आधी कापून बाजूला ठेवा, नाहीतर "बाईंनी गणपती दुमडला" म्हणून एखादी आजी शाळेत येते. पत्रिका लहान पडत असेल तर कार्डशीट आणा, एका मोठ्या शीटमध्ये बरीच कव्हरं निघतात.

शिवायचं कसं ते सांगते कारण स्टेपलरने हे होत नाही, साध्या स्टेपलरचं तोंड मधल्या घडीपर्यंत पोचतच नाही. आठ कागद आणि कव्हर एकत्र दुमडायचे, घडीवर पट्टीची कड जोरात घासायची म्हणजे पान फुगत नाही. मग वही उघडून मधल्या घडीवर तीन भोकं पाडायची, एक बरोबर मध्यावर आणि दोन वरखाली दोन-दोन इंचावर. भोकं दाभणाने तुम्ही स्वतः पाडा, मुलांच्या हातात दाभण नको. खाली जुनी चप्पल किंवा थर्माकोलचा तुकडा ठेवला की दाभण सरळ जातं. दोरा गोधडीचा घ्या, शिलाईचा साधा दोरा दोनदाच वही ओढली की कागद कापतो. मधल्या भोकातून आतून सुई बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतल्या बाजूला जो दोरा सरळ उभा गेलाय त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टोक आणून गाठ. चौथीच्या पोरांना हे एकदा दाखवलं की ती तिसरीच्यांना शिकवतात, कार्यानुभवाच्या दोन तासांत सगळ्या वह्या होतात. पण मग ती सरप्राइज राहत नाही ना, असं वाटेल. न राहू दे. शिवलेल्या वह्या सगळ्या गोळा करून ठेवायच्या आणि पुडीत कुणाला कुणी शिवलेली वही येईल हे सांगायचं नाही. पुडी उघडल्यावर आधी "ही कुणी शिवली" याच्यावरच गोंधळ होतो, तो बघण्यासारखा असतो.

वहीबरोबर दोन पेन्सिली, एक शार्पनर. खोडरबर मी देत नाही, चित्राच्या वहीत खोडत बसतात आणि चित्र काही पूर्ण होत नाही, हे माझं मत आहे, तुम्हाला द्यायचा तर द्या. पण फळांच्या आकाराचा, वासाचा खोडरबर नको, पहिली-दुसरीतलं धाकटं भावंडं तो तोंडात घालणार हे नक्की. पेन्सिली सुट्ट्या घेऊ नका, दहाचा बॉक्स घ्या, होलसेलला अजून कमी पडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, क्रेयॉन यांवरचा जीएसटी शून्य झालाय, तेव्हा दुकानदार जुन्या छापील एमआरपीवर अडून बसला तर एकदा विचारायला हरकत नाही. पुण्याकडे असाल तर रविवार पेठ-बोहरी आळी, मुंबईच्या बाजूला क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, नागपूरला इतवारी. पण ३४ मुलांसाठी मुद्दाम शहरात जाऊ नका, एसटीच्या भाड्यात वाचवलेले पैसे जातात. तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीवाल्याला "शाळेसाठी हवंय, ३६ नग" म्हटलं की तो आपोआप भाव कमी करतो, आणि बऱ्याचदा दोन-चार पेन्सिली वर टाकतो.

३६ का, तर दोन पुड्या नेहमी जास्त करायच्या. ऐनवेळी कुणीतरी नवीन दाखल होतं, कुणाच्या मामाचं पोरगं आठ दिवस वर्गात येऊन बसलेलं असतं, कुणाची पुडी घरी जाईपर्यंत ओढ्यात पडते. त्या दोन पुड्यांनी आजवर मोठमोठी रडारड वाचवलीय.

रंग द्यायचे तर मेणाचे खडू. बारा रंगांची छोटी डबी होलसेलला साधारण १५ रुपयांपर्यंत बसते. ब्रश नको, पाणी नको, सुकायची वाट बघायला नको, आणि तुटला तरी दोन तुकड्यांनी रंगवता येतं. वर्गात कमी दिसणारं किंवा हाताची पकड कमी असलेलं मूल असेल तर त्याच्यासाठी जाड खडू घ्या आणि मग सगळ्यांनाच जाड घ्या, एकट्याला वेगळं नको. पण ३६ डब्या म्हटलं की पाचशे-साडेपाचशे तिथेच गेले, तेव्हा बजेट बघून ठरवा. डब्या वगळल्या तरी पुडी काही फिकी पडत नाही.

आता माझी आवडती गोष्ट, आणि ही जवळजवळ फुकट आहे. अष्टचंगचा पट. कुठे चल्लस आठ म्हणतात, तुमच्या भागात काय म्हणतात बघा. पाच बाय पाच, पंचवीस घरं, चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि बरोबर मधल्या घरावर फुली. हा पट एकदा कागदावर नीट आखून झेरॉक्स काढा, दोन रुपयाला एक, किंवा चौथीकडून पट्टीने आखून घ्या, गणिताचा तासही होतो. फासा म्हणून चार चिंचोके, एक बाजू घासून पांढरी केलेली. चिंचोका व्हरांड्यातल्या खडबडीत फरशीवर एका बाजूने घासायचा, वरचं तपकिरी साल जातं आणि आतला पांढरा भाग दिसायला लागतो, तो सपाट झाला की थांबायचं. पोरांना हे काम दिलं तर मधल्या सुट्टीत शे-दीडशे चिंचोके घासून होतात आणि शाळेत आवाज असा येतो की मुख्याध्यापक बाहेर येऊन बघतात. चार टाकायचे, जितके पांढरे वर तितकी घरं, चारही पांढरे तर चार, चारही पालथे पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की परत डाव. बाहेरच्या घरांतून एक फेरी, मग आतल्या घरांतून उलटी, मग मध्ये. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. बाकी नियम प्रत्येक गावात वेगळे, त्यात तुम्ही पडूच नका, घरी आजी-आजोबा सांगतील आणि भांडतील पण. सोंगट्यांना जुनी बटणं, चार तुरी, चार वाल, चार खडे, काहीही चालतं.

एक अडचण आहे, चिंचा फोडायचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी असतो, फेब्रुवारी ते एप्रिल, आणि तुम्हाला चिंचोके हवेत ऑक्टोबरमध्ये. तर यंदा गावात विचारा, वर्षाची चिंच साठवणाऱ्या घरात चिंचोकेही एखाद्या डब्यात असतातच. आणि पुढच्या वर्षीसाठी मार्चमध्येच एक डबाभर गोळा करून शाळेत ठेवा, वर कडुलिंबाचा पाला टाका, नाहीतर कीड लागते.

हा पट मी इतका का सांगतेय तर सुट्टीत मोठी माणसं पोरांशी खेळतात अशी वस्तू फार कमी आहे. वही पोरगं एकटं वापरतं. पटाला चार माणसं लागतात.

तुम्ही कुठल्या जिल्ह्यात आहात ते लिहिलं नाही, पण पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला असाल तर पुडीत आळीव टाका. दिवाळीत पोरं किल्ला करतात तिकडे, आणि किल्ल्यावर हिरवळ पाहिजे असते. बाळंतिणीच्या लाडवांना लागतात म्हणून आळीव कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, पाव किलो साधारण साठ-सत्तर रुपयांना, त्यात ३६ मुलांना प्रत्येकी चमचाभर सहज होतं. कागदाच्या छोट्या पुडीत बांधायचं आणि वर लिहायचं: माती ओली करून टाक, वरून माती घालू नको, पाणी हाताने शिंपड. आळीव भिजलं की त्याला बुळबुळीत चीक सुटतो आणि ते मातीला धरून बसतं, म्हणून किल्ल्याच्या उतारावरूनही घरंगळत नाही, मोहरीचं तसं होत नाही. दोन-तीन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत हिरवंगार. लोटा भरून पाणी ओतलं की मात्र सगळी हिरवळ पायथ्याशी, मावळ्यांच्या अंगावर. वसुबारसेच्या आधी निदान चार दिवस तरी पेरायला पाहिजे, तेव्हा पुडी उशिरा वाटून उपयोग नाही. विदर्भाच्या, मराठवाड्याच्या काही भागात किल्ल्याचं एवढं नसतं, तिथे आळीव देऊन पोरं विचारतील हे काय, तर तिथे नका देऊ. त्याऐवजी आकाशकंदिलाचा पतंगी कागद द्या, दोन रंगांचे दोन-दोन तुकडे, बांबूच्या काड्या पोरं आणतात आणि खळ घरच्या पिठाची होते.

तीच गोष्ट सणाची. पुडीवर "शुभ दीपावली" न लिहिता मी "सुट्टीची पुडी" लिहिते. वर्गात सगळ्याच घरी दिवाळी सारखी नसते, काही घरी नसतेच, सुट्टी मात्र सगळ्यांना असते.

फटाके नाहीत, हे सांगायला नको. पण पाच-दहा रुपयांना मिळणारी लाइट लागणारी अंगठी, चमकणारा भोवरा, लेझरची किल्ली हे पण नको. त्यात बटणासारखा चपटा सेल असतो, झाकण नखाने उघडतं, आणि घरातल्या रांगत्या बाळाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. तिसरीतल्या मुलाला धोका नसेल, पण तिसरीतल्या मुलाच्या घरी दीड वर्षाचं भावंडं असतंच. फुगे पण त्याच कारणाने नको. स्वस्तातली प्लास्टिकची बाटली चार दिवसांत गळते, पेन्सिल बॉक्सचं बिजागर आठवड्यात तुटतं आणि मग तुटलेला बॉक्स घेऊन पोरगं तुमच्यासमोरच बसतं वर्षभर.

पुस्तकं द्यावीत का? द्यावीत, पण ३४ विकत घेऊन नाही. नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात तरी ३४ चा गुणाकार केला की तुमचं बजेट संपलं. मी काय करते, शाळेच्या ग्रंथालयातली पातळ पुस्तकं काढते, प्रत्येकाला एक वेगळं, आणि एकाच वस्तीवरच्या पोरांना मुद्दाम वेगवेगळी, म्हणजे सुट्टीत आपापसात बदलून चार-पाच वाचून होतात. वहीत नोंद ठेवायची आणि एखादं पुस्तक फाटून आलं तर काही बोलायचं नाही, कपाटात वाळवी लागण्यापेक्षा फाटलेलं बरं. ग्रंथालयच नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत, परवाना खुला आहे, छापून वाटता येतात. छोटी गोष्ट चार-पाच कागदांत बसते. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक रद्दीवाल्याकडे वजनावर मिळतात, दिसले की उचलून ठेवत जा. एकेका अंकाचे तीन भाग करून शिवले तर तीन मुलांना होतात, पण गोष्ट मध्येच तुटत नाही ना ते बघा, नाहीतर सुट्टीभर पोरगं विचार करत बसेल पुढे काय झालं. (तसं ते वाईट नाही म्हणा.)

आता चिठ्ठी. पुडीत सगळ्यात जास्त काय टिकतं तर ही. दोन ओळी, हाताने लिहिलेल्या, फक्त त्या मुलाच्या. आणि त्यात "तू हुशार आहेस, असाच अभ्यास कर" असलं काही नको, ते प्रगतिपुस्तकात असतं. तुम्ही त्याला काहीतरी करताना बघितलंय ते लिहा. "नवीन मुलगी आली तेव्हा खिचडीच्या पंगतीत तू सरकून तिला जागा दिलीस, मी बघितलं." "वजाबाकीत हातचा घ्यायचं तुला तीनदा चुकलं आणि चौथ्यांदा तू मला न विचारता बरोबर केलंस." "तू काढलेल्या बैलाच्या डोळ्यात पापण्या होत्या, बाकी कुणाच्याच बैलाला नव्हत्या." एवढंच. अशा ३४ ओळी एका रात्रीत सुचत नाहीत, दहा-बाराव्या मुलाला आपण तेच तेच लिहायला लागतो, आणि पोरं चिठ्ठ्या एकमेकांना दाखवतात हो, लगेच कळतं. म्हणून महिनाभर आधी हजेरीच्या मागे कागद लावा आणि रोज एक-दोघांबद्दल चार शब्द टिपत जा. त्यात एक गंमत होते, पंधरा-वीस नावांपुढे पटापट लिहून होतं आणि मग अशी सात-आठ नावं उरतात की त्यांच्याबद्दल काही आठवतच नाही. ती मुलं त्रास देत नाहीत, हात वर करत नाहीत, मधल्या रांगेत बसतात. पुढचे आठ दिवस मग त्यांच्याकडेच बघायचं. भेटीचं सोडा, वर्ग समजायलाच याचा उपयोग जास्त होतो.

अक्षर मोठं आणि सुटं काढा, तिसरीतल्या काही मुलांना अजून जोडाक्षरं अडतात. ज्याला अजून वाचताच येत नाही त्याला दोन शब्द आणि एक चित्र. त्याची चिठ्ठी दुसऱ्याने वाचून दाखवावी लागेल अशी लिहू नका.

चिठ्ठीला लागूनच पोस्टकार्ड. साधं पोस्टकार्ड अजून ५० पैशाला मिळतं. प्रत्येकी दोन धरली तरी ३६ मुलांचे ३६ रुपये. शाळेचा पत्ता मुलांकडूनच लिहून घ्या, भाषेच्या तासाला, पिनकोडच्या सहा चौकटींसकट, आणि सांगा की सुट्टीत एक कार्ड मला टाकायचं, दुसरं हवं त्याला. बहुतेक पोरांनी आयुष्यात पत्र टाकलेलं नसतं. जाता जाता त्यांना हेही सांगा की हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, वर संस्कृत कवी. पोरांना कवीने नंबर काढले याचं फार नवल वाटतं.

तुमच्या वर्गात ऊसतोडीची घरं असतील तर पोस्टकार्डं त्यांना जास्त द्या, चार-पाच. ती माणसं दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर कारखान्याकडे निघतात, काही पोरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ राहतात आणि काही आईबापाबरोबर फडावर जातात, मग परत एप्रिलमध्ये दिसतात. त्यांचा पत्ता आपल्याला माहीत नसतो आणि त्यांनाही नसतो, पण आपला पत्ता त्यांच्याकडे लिहिलेला असला की बास. त्यांची पुडी कापडी पिशवीत द्या, जुन्या साडीची शिवून, कारण कागदाची पुडी ट्रॅक्टरमध्ये भांड्याकुंड्यांबरोबर टिकत नाही. असं बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचंच असतं, ते त्याच पिशवीत घाला म्हणजे हरवत नाही आणि तिकडच्या शाळेत दाखवता येतं. आणि यांची पुडी सगळ्यांबरोबर द्यायची म्हणून थांबू नका. मुकादमाची गाडी कधी लागेल ते आदल्या रात्री कळतं, सकाळी पोरगं नसतंच वर्गात. घरी विचारून ठेवा आणि आधीच देऊन टाका.

बाकीच्यांना पण शेवटच्या दिवशी वाटायचं नाही. सत्र परीक्षा झाली की हजेरी निम्मी होते, शेवटच्या दिवशी तर मामाच्या गावाला गेलेलीच जास्त. पेपर संपायच्या आदल्या दिवशी द्या, सगळी असतात. शाळा सुटताना द्या, सकाळी दिलं तर दिवसभर चिंचोकेच वाजत बसतील.

मुख्याध्यापकांना आधी सांगा, आणि शेजारच्या वर्गाच्या सरांना पण. परवानगीसाठी नाही, पण पहिलीतली धाकटी बहीण संध्याकाळी भावाची पुडी बघून रडते आणि दुसऱ्या दिवशी त्या वर्गाच्या शिक्षकाला पालक विचारतात तुम्ही काय दिलं, तेव्हा त्यांना वाटतं नवीन मॅडमनी आम्हाला खाली दाखवलं. दोन शिक्षकी शाळा असेल तर सरळ म्हणा आपण दोघं मिळून करू, खर्च अर्धा अर्धा. शाळा व्यवस्थापन समितीतलं कुणी "आम्ही देतो पैसे" म्हणालं तर कागदाचं रिम मागा, रोख घेऊ नका, हिशोबाची कटकट नको.

पहिल्या नंबराला मोठी पुडी आणि बाकीच्यांना छोटी असलं काही करू नका. आणि पोरांना रांगेत उभं करून पुडी हातात देतानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लावू नका, मला ते अजिबात आवडत नाही. पालक ते बघतात. आपलं पोरगं कुणाच्या तरी हातून काहीतरी घेतंय असा फोटो गावभर फिरलेला कुणाला आवडेल.

पुडीला गिफ्ट पेपर लावू नका, पाच रुपयाचा कागद घरी जाईपर्यंत फाटतो आणि तेवढ्यात दोन पेन्सिली येतात. वर्तमानपत्राचं मोठं पाकीट, खळीने चिकटवलेलं, वर नाव.

एकूण बघा: रिम अडीचशे, दोरा आणि एखादं कार्डशीट पन्नास-साठ, पेन्सिली-शार्पनर साडेतीनशेच्या आसपास, पटाचे झेरॉक्स बहात्तर, आळीव सत्तर, पोस्टकार्डं फडावरच्या पोरांची जास्तीची धरून पन्नास. आठशे-साडेआठशे. मेणाचे खडू घातले तर बाराशेच्या वर जातंय, तेव्हा खडू पुढच्या वर्षी. रिममधले उरलेले दोनशे-सव्वादोनशे कागद तुमचेच.

पोस्टकार्डांचं मात्र आजच बघा. गावच्या शाखा डाकघरात एकदम सत्तर-ऐंशी कार्डं बहुतेक नसतात, डाकसेवक मागवून देतात पण आठ-दहा दिवस जातात. आणि त्यांनाच सांगून ठेवा की सुट्टीत शाळेच्या नावाने कार्डं येतील, शाळेच्या दाराखालून सरकवू नका, पावसाच्या ओलीने नाहीतर उंदराने जातात, तुमच्याकडेच ठेवा, मी शाळा उघडली की घेऊन जाते. सगळी येत नाहीत. जेवढी येतील त्यांना उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं, वर्गात तोंडी नाही, कार्डावरच.